मदत हवी आहे: चुन्यो शिजतच नाही, परवा सकाळी लागणार आहे

ईशानची_आई: पेरू देशातल्या कुस्कोच्या सान पेद्रो बाजारातून आणलेला चुन्यो (तिकडचा वाळवलेला बटाटा) तासभर उकळला, तरी आत दगडच. शिवाय कडू. परवा मुलाच्या वर्गात इंका लोकांच्या अन्नसाठवणुकीवर सादरीकरण आहे, मुलांना एकेक तुकडा चाखायला द्यायचाय. काय चुकतंय? कृपया लवकर सांगा.

सुगरण_नाशिक: कुकरला सहा शिट्ट्या द्या. माझ्याकडे चिवट काबुली चणेसुद्धा मेणासारखे होतात.

डोंगरवाट: चुन्यो काळा आहे की पांढरा? भिजवला होता का? किती वेळ?

ईशानची_आई: भिजवायचा असतो? धुऊन थेट पातेल्यात टाकला. शिट्ट्याही दिल्या, वरून लगदा झाला, आत तसाच.

डोंगरवाट: रंग राहिला.

ईशानची_आई: काळा.

रानभाजी: यात एवढं काय? आपण बटाट्याचा कीस वाळवतो तसाच हा. तळून घ्या, फुलेल.

डोंगरवाट: तळू नका! कीस उन्हाने वाळतो, चुन्यो आधी थंडीने गोठवतात. आल्तिप्लानोवर, म्हणजे अँडीजच्या उंच पठारावर, 3,800 मीटरच्या आसपास, जून-जुलैत बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात. दिवसा ते सैल पडतात, मग पायाने तुडवून पाणी आणि सालं काढतात, पुन्हा वाळवतात. पाच किलोंचा जेमतेम एक किलो उरतो. इतक्या कोरड्या गाभ्यापर्यंत पाणी हळूहळूच पोचतं, विस्तव वाढवून उपयोग नाही. थंड पाण्यात रात्रभर ठेवा, पाणी तीन-चारदा बदला. मग पिळा आणि एक तुकडा मोडून बघा. मधे खडूसारखं कोरडं दिसलं तर अजून भिजवा.

रानभाजी: साताऱ्याच्या थंडीत जमेल का हे?

डोंगरवाट: तिथे बटाटे गोठण्याइतकी थंडी पडत नाही. वेगळा धागा काढा.

पाणकळा: साठवणुकीचा विषय आहे म्हणून सांगतो. इंकांच्या कोठारांना कोल्का म्हणत. पेरूतल्या हुआनुको पाम्पा या इंका शहराच्या टेकडीवर जवळपास पाचशे आहेत. उतारावर बांधायचं कारण वारा आणि पाण्याचा निचरा. गोल कोठारांत मका, लांबट कोठारांत कंद. हिशेब किपूच्या, म्हणजे दोऱ्यांच्या, गाठींत. मुलाला हेच बोलू द्या, चव राहू द्या.

डोंगरवाट: गोल म्हणजे मका हा निष्कर्ष हुआनुको पाम्पाच्या उत्खननातला आहे. सगळ्या साम्राज्याला लावू नका. आणि त्यांनी चवच विचारलीय.

पाणकळा: लावत नाही. पण बोलिव्हियात कोचाबांबाजवळ कोतापाचीला 2,400 च्या आसपास गोल कोठारं आहेत, तो मक्याचाच मुलूख.

सुगरण_नाशिक: विमानात बटाटा नेऊ देतात? आमच्या मावशीचं लोणचं अडवलं होतं.

ईशानची_आई: कडूपणाचं कोणी सांगेल का? मुलांना बाधणार तर नाही ना?

डोंगरवाट: चुन्योसाठी बऱ्याचदा कडू जातीचे बटाटे घेतात. तुडवण्यात आणि पाण्यात तो कडवटपणा बराच उतरतो, म्हणून बदललेलं पाणी ओतून द्या, रश्शात वापरू नका. सालाचे तुकडे चिकटले असतील तर नखाने काढा. उकळल्यावरही कडू लागला तर मुलांना देऊ नका. पांढरा चुन्यो, म्हणजे तुंता, वाहत्या थंड पाण्यात काही आठवडे ठेवलेला असतो, त्याची चव सौम्य. पुढच्या वेळी तोच आणा.

ईशानची_आई: रात्रभर भिजवला, पाणी चारदा बदललं. पहिलं पाणी चहासारखं निघालं. सकाळी पिळून मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं उकळला. शिजला! मातीचा वास येतो, पण कडू नाही. कुस्कोत चीजबरोबर खाल्ला होता, इथे पनीर चालेल?

डोंगरवाट: चालेल. मीठ थोडं जास्त घाला.