उन्हावर हवा तापवणारं पॅनल: नागपुरात कुणी लावलंय का?

मानेवाडाकर: तळमजल्यावर राहतो. आईची खोली उत्तरेकडे. डिसेंबर-जानेवारीत फरशी अशी थंड पडते की सकाळी तिचे गुडघे धरतात. रात्रभर हीटर लावायची भीती वाटते. सोलरवर पाणी तापतं तशी हवा तापवणारी पेटी असते म्हणे. घ्यायचा विचार करून राहिलो. फायदा होईल का?

खामल्याचा: भाऊ, माझ्याकडे तीन हिवाळे झाले, घरीच बनवलेली आहे. लाकडी पेटी, आत काळा मॅट रंग दिलेला पत्रा, वर काच, मागे ऊब बाहेर जाऊ नये म्हणून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी). खोलीतली हवा खालून आत जाते, तापून वरून परत येते. तोंड दक्षिणेलाच हवं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य इथे 45 अंशांच्या आसपासच असतो, म्हणून उभ्या पेटीवरही चांगलं ऊन पडतं. आपल्याकडे कूलरची खिडकी तयारच असते! कूलर उतरला की त्याच स्टँडवर पेटी उभी करा, खिडकीत दोन भोकांचं प्लाय लावा. होळीला पेटी काढायची, कूलर परत. एक चौरस मीटरला चांगल्या उन्हात अर्धा किलोवॉट धरा, जास्त नाही.

महालवाली: ग्लासवूलऐवजी थर्मोकोल अजिबात वापरू नका. आमचा पेटीतली हवा फिरवणारा पंखा बंद पडला, आतली हवा कोंडून तापली आणि थर्मोकोल वितळला, घरभर वास. काच टफन्डच घ्या. 12 व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा छोट्या सोलर पॅनलला थेट जोडा, ऊन आलं की आपोआप फिरतो. संध्याकाळी दोन्ही भोकं झाका, नाहीतर पेटीत थंड झालेली हवा रात्रभर खोलीत उतरत राहते.

मानेवाडाकर: आमची कूलरची खिडकी दक्षिणेच्या खोलीत आहे. पाइपने आईच्या खोलीपर्यंत नेता येईल?

खामल्याचा: नका नेऊ, एवढीशी ऊब पाइपातच जाईल. शिवाय दुपारी नागपुरात थंडी नसतेच, त्रास पहाटेचा. हवा ऊब धरून ठेवत नाही, भिंती आणि फरशी धरतात. म्हणून 11 ते 4 खोली बंद ठेवून तापवायची, सूर्य कलला की जाड पडदे ओढायचे. पहाटेपर्यंत थोडा फरक उरतो. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर गेला होता, तशा रात्री हे पुरणार नाही, गरम पाण्याची पिशवी लागेलच. माझं ऐकाल तर दोन महिने आईंची खाटच दक्षिणेच्या खोलीत हलवा. खाटेखाली सतरंजी अंथरा.

मानेवाडाकर: पटलं. रविवारी इतवारीत लोहा ओळीत पत्रा बघतो. खाटेचं आईशी बोलावं लागेल, देवघर तिच्या खोलीत आहे.