नशीब म्हणे! मिडवेच्या "पाच मिनिटां"ना माझं उत्तर

दर्यावर्दी

परवा सरखेल यांनी इथे मिडवेवर, म्हणजे पॅसिफिकमधल्या त्या बेटाजवळच्या अमेरिका-जपान आरमारी लढाईवर लिहिलं होतं. थोडक्यात असं की ४ जून १९४२ च्या सकाळी पाच मिनिटांत जपानचं नशीब फिरलं, त्यांच्या वैमानिकांची फळी संपली, अमेरिकेला लॉटरी लागली, नाहीतर पॅसिफिक जपानचाच होता. खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग. मी तेव्हा बोटीवर होतो, नेट धड नव्हतं म्हणून गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना. एकोणीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली आहेत, जहाज कशाने वाचतं आणि कशाने बुडतं हे थोडंफार कळतं, म्हणून लांबलचक लिहितोय.

आधी ती पाच मिनिटं. ही गोष्ट पसरवली मित्सुओ फुचिदाने, पर्ल हार्बरवर विमानं घेऊन गेलेला तोच. डेकवर हल्ल्याची विमानं उड्डाणाला तयार उभी होती, पाच मिनिटं मिळाली असती तर सगळं वेगळं घडलं असतं, असं त्याचं म्हणणं. पण जपानी जहाजांच्याच नोंदी बघा. त्या वेळी डेकवर झिरो या लढाऊ विमानांची चढ-उतार चालली होती आणि हल्ल्याची बहुतेक विमानं खाली हँगरमध्ये होती. ती वर आणून रांगेत लावायलाच पाऊण तास गेला असता. कसली पाच मिनिटं?

आणि बॉम्ब पडल्यावर काय झालं ते कोणीच बोलत नाही. जपानच्या अकागीवर थेट लागलेला बॉम्ब एक. फक्त एक! एवढी मोठी विमानवाहू नौका त्या एकाने गेली कारण बंदिस्त हँगरमध्ये पेट्रोल भरलेली विमानं आणि कोठारात परत न नेलेला दारूगोळा तसाच पडलेला. आता अमेरिकेची विमानवाहू यॉर्कटाउन घ्या. दुपारी जपानी नौका हिर्यूच्या विमानांनी तिच्यावर तीन बॉम्ब टाकले, ती धूर ओकत थांबली. खालच्या लोकांनी आग विझवली, बॉयलर परत पेटवले, दोनेक तासांत बोट चालू. जपानी विमानं दुसऱ्यांदा आली तर त्यांना वाटलं ही वेगळीच धडधाकट नौका आहे! म्हणजे एकीलाच दोनदा मारून ते समजले की दोन मारल्या.

हे नशीब नाही हो. महिनाभर आधी, ८ मे ला, कोरल सीच्या लढाईत अमेरिकेचीच विमानवाहू लेक्सिंग्टन पेट्रोलच्या वाफेने स्फोट होऊन गेली होती. त्यातून शिकून यॉर्कटाउनवर हल्ल्याआधी पेट्रोलच्या लायनी रिकाम्या करून त्यात कार्बन डायऑक्साइड भरून ठेवला होता. हे करणारी माणसं कुठल्या पोस्टरवर नाहीत. माझं म्हणणं एवढंच की पॅसिफिक जिंकलं ते आग विझवणाऱ्यांनी आणि तांदूळ वाहणाऱ्यांनी, आणि जपान खचला तो मिडवेला नाही, ग्वादालकॅनाल बेटावर.

सरखेल

ती पोस्ट माझी, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. पाच मिनिटांचं मान्य, फुचिदावर मी जास्त विसंबलो. पण नशीब नव्हतं म्हणता? अमेरिकन वैमानिक मॅक्लस्कीची विमानं ठरलेल्या जागी पोचली तर खाली रिकामा समुद्र. पेट्रोल संपत आलेलं. तरी तो शोधत राहिला आणि त्याला दिसली एकटी धावणारी जपानी विनाशिका अराशी. ती मागे का राहिली होती, तर अमेरिकेच्या नॉटिलस पाणबुडीला दाबून ठेवायला. तिच्या रोखाने तो गेला आणि जपानी ताफ्यावर पोचला. नेमक्या त्याच वेळी यॉर्कटाउनची विमानं दुसऱ्या दिशेने आली. आधी ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं. त्याआधी हॉर्नेट या अमेरिकन नौकेची पंधरा टॉर्पेडो विमानं गेली ती सगळीच्या सगळी पडली, तीस माणसांतला एक वाचला. तुमचं पाइपलाइनपुराण त्या एकोणतीस जणांना सांगा.

आणि आग विझवण्यात अमेरिकन इतके हुशार होते तर त्यांच्या विमानवाहू वॉस्पचं काय झालं? १५ सप्टेंबर १९४२, तीन टॉर्पेडो, पाण्याची फायर मेनच फुटली, जळत राहिली, शेवटी त्यांनाच बुडवावी लागली. इंजिन रूममधून आकाश दिसत नाही साहेब, हा त्रास आहे.

फावडं_घमेलं

दर्यावर्दी दादांशी सहमत, पण तेही बोटीतच अडकलेत. मी रस्त्याच्या कामांवर असतो, मला ग्वादालकॅनाल म्हटलं की रोलर दिसतो. धावपट्टी जपान्यांनी बांधायला घेतली होती. ७ ऑगस्टला अमेरिकन उतरले, जपानी मजूर जंगलात पळाले, मागे रोलर, ट्रक, सिमेंट, तांदूळ सगळं ठेवून. दोन दिवसांत सावो बेटापाशी रात्री जपानी अॅडमिरल मिकावाने चार क्रूझर बुडवल्या आणि अमेरिकेची मालवाहू जहाजं अर्धं सामान पोटात घेऊनच निघून गेली. मग मरीन लोकांनी काय केलं? जपानी रोलरने धावपट्टी पुरी केली आणि दोन वेळचं जेवण जपानी तांदळावर काढलं. तेच हेंडरसन फील्ड.

आणि तिकडे राबाउलच्या तळाहून येणारा जपानी वैमानिक, जवळपास हजार किलोमीटर यायचं, तेवढंच परत जायचं, मधे उतरायला धड जागा नाही. साबुरो साकाई डोक्यात गोळी लागून, एक डोळा गेलेला, पावणेपाच तास उडवत परत गेला म्हणून सगळे कौतुक करतात. करा की. पण मला राग येतो तो त्याला तसं पाठवणाऱ्यांचा. मधे एक पट्टी आधी बांधली असती तर ही वेळ आली नसती. आमच्या साइटवर पण असंच, पाऊस तोंडावर आला की गटार खणायला सांगतात, मग पाण्यात उभं राहून काम करणाऱ्याचा सत्कार.

निळा कागद

तांदळाचं निघालंच आहे तर पिंपांची गोष्ट कोणी कशी काढली नाही! दिवसा हेंडरसनची विमानं मारायची म्हणून जपानी विनाशिका रात्री यायच्या. थांबायला वेळ नाही. मग तेलाची पिंपं धुवून त्यात तांदूळ भरायचे, पुरतं नाही भरायचं म्हणजे तरंगतील, एका दोरीत माळेसारखी ओवायची आणि किनाऱ्याजवळ सोडून पळायचं. किनाऱ्यावरच्यांनी पाण्यात शिरून दोरीचं टोक धरून ओढायचं. जपानी अॅडमिरल तानाकाच्या जहाजांनी डिसेंबरच्या एका रात्री अशी दीड हजार पिंपं सोडली, हाती लागली तीनशेच्या आसपास. बाकीची सकाळी विमानांनी गोळ्या घालून बुडवली. का नाही ओढता आली? ओढणाऱ्यांच्या अंगात ताकद नव्हती. उपाशी माणसाने भिजलेल्या दोरीला लावलेली तांदळाची पिंपं ओढायची. छत्तीस हजारांच्या आसपास उतरवले, फेब्रुवारी १९४३ मध्ये दहा हजारांवर बाहेर काढले, बाकीच्यांतले कितीतरी भुकेने आणि हिवतापाने गेले. जपानीच त्याला उपासमारीचं बेट म्हणायला लागले होते.

मी अंदमानला गेले होते. समुद्राच्या कडेला जपानी बंकर अजून आहेत, लोक त्यात वाकून फोटो काढतात. २३ मार्च १९४२ ला जपानी तिथे आले ते शरणागतीपर्यंत होते. मोठी लढाई झालीच नाही, नुसता वेढा आणि उपासमार, आणि तिथल्या आपल्या लोकांवर हेर म्हणून संशय घेऊन गोळ्या घातल्या. बगल दिलेल्या बेटावर माणसं राहत असतात हे लढायांचे नकाशे काढणाऱ्यांना दिसत नाही.

सरखेल

अंदमान अवांतर आहे ताई. ती ब्रिटिशांची आघाडी. विषय अमेरिका-जपान.

निळा कागद

भूक अवांतर नाही. आणि "विषय" तुम्ही ठरवायचा हे कधी ठरलं?

मांडवीची नात

मी नेहमी नुसती वाचते. आगीचं वाचून राहवलं नाही. माझे आजोबा मांडवीला धान्याच्या वखारीत कारकून होते. १४ एप्रिल १९४४, मुंबई बंदरातली फोर्ट स्टिकीन बोट. कराचीहून आलेल्या त्या बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरला होता. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. मधल्या दोन तासांत ठरत नव्हतं, बोट तिथेच बुडवायची की बाहेर समुद्रात न्यायची. नुसतं पाणी मारत राहिले. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आजोबा सांगायचे, पत्र्यावर जळता कापूस पावसासारखा पडत होता, आणि घरी आले तेव्हा आजीने त्यांच्या केसातून कापसाचे काळे पुंजके वेचून काढले. ते पुढे आयुष्यभर घरात कापसाची गादी दिव्याजवळ ठेवू द्यायचे नाहीत. दर्यावर्दी, तुमचं बरोबर आहे, आग लागल्यावर पहिल्या तासात कोण निर्णय घेतो त्यावर सगळं असतं.

दर्यावर्दी

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. स्फोटक माल आहे सांगणारा लाल बावटा लावलेला नव्हता त्या बोटीवर, आजही आम्हाला शिकवताना ती बोट सांगतात.

सरखेल, आकाशाचं बोललात म्हणून माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका टँकरवर होतो. प्युरिफायर रूममध्ये, म्हणजे तेल शुद्ध करायच्या खोलीत, डिझेलची लाइन पिचकारीसारखी फुटली, गरम पाइपवर पडली, भडका. प्युरिफायर बंद, तेल तोडणारे क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह ओढले, आता हवा तोडायची तर व्हेंटिलेशनचा डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेचं झाकण, बंद होईना. का? वर्षानुवर्षं रंगावर रंग मारून बिजागरी चिकटलेली. दर महिन्याच्या ड्रिलच्या वहीत सह्या होत्या, डॅम्पर तपासला, चालू आहे. मी आणि एक फिटर, हातोड्याने मारमारून तो पत्रा खाली आणला. फिटरच्या तळहाताचं कातडं त्या पत्र्याला चिकटून राहिलं. पंचवीस वर्षांचा पोरगा. कंपनीने अहवालात लिहिलं, आग किरकोळ, यंत्रणा व्यवस्थित चालली.

म्हणून मला कोणी "एक बॉम्ब, नशीब" म्हटलं की ते सोसत नाही. जपानची ताइहो बघा. कोरी करकरीत विमानवाहू नौका, चिलखती डेक, मार्च १९४४ मध्ये दाखल, १९ जूनला एक टॉर्पेडो लागला. बोट चालू होती, वेग होता. पण पेट्रोलची वाफ साठली आणि ती बाहेर काढायला कोणीतरी सगळं व्हेंटिलेशन उघडायला सांगितलं. वाफ पूर्ण जहाजभर पसरली. सहा तासांनी स्फोट. लेक्सिंग्टननंतर दोन वर्षांनी! अमेरिका एका महिन्यात शिकली, हे दोन वर्षांत नाही.

सरखेल

तुमच्या फिटरबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एका डॅम्परवरून पॅसिफिकचा निकाल लावताय. आणि वॉस्पला उत्तर दिलंच नाहीत. अमेरिका एवढी भराभर शिकत होती तर त्यांच्या मार्क १४ टॉर्पेडोचं काय? दहा फूट जास्त खोल जायचे, चुंबकीय स्फोटक भलतीकडेच फुटायचं, सरळ आदळला तर फुटायचाच नाही. जुलै १९४३ मध्ये टिनोसा पाणबुडीने एका जपानी जहाजावर पंधरा सोडले, जहाज बुडालं नाही. दारूगोळा खातं वर्षभर म्हणत होतं दोष तुमच्या कॅप्टनांचा आहे. खोटी वही तुमच्याच कंपनीत असते असं समजू नका.

फावडं_घमेलं

पण दुरुस्त केले ना! पाणबुड्यांचा अॅडमिरल लॉकवूडने ऑस्ट्रेलियात जाळं लावून, हवाईत कड्यावर टॉर्पेडो मारून तपासले आणि ऐकवलं वरच्यांना. त्यानंतर त्याच पाणबुड्यांनी जपानच्या बुडालेल्या मालवाहू टनेजातला निम्म्याहून जास्त वाटा उचलला, नौदलातली दोन टक्केसुद्धा माणसं नसताना. सगळ्या युद्धात ५२ पाणबुड्या गमावल्या. सरखेल, तुमच्या पोस्टमध्ये पाणबुडीचा शब्द नाही.

सरखेल

कारण पोस्ट मिडवेवर होती! एका सकाळीवर लिहिलं म्हणून अख्खं युद्ध का नाही लिहिलं हे विचारणं हा कुठला न्याय? दर वेळी कोणीतरी येणार आणि सांगणार तांदूळ विसरलात, रोलर विसरलात. त्या सकाळी विमानात बसलेल्या माणसाला परतीचं पेट्रोल पुरणार नाही हे माहीत होतं आणि तरी तो पुढे गेला. हे मला महत्त्वाचं वाटतं आणि वाटत राहणार.

दर्यावर्दी

वाटू द्या. मी त्याला छोटा म्हटलं नाही, तुम्ही त्याच्या धाडसाला लॉटरी म्हटलं. तुमचाच शब्द आहे.

वॉस्पचं उत्तर देतो, टाळलं होतं हे खरं. तिथे ते कमी पडले. सावोला तर क्रूझर रंगाने, जमिनीवरच्या लिनोलियमने, लाकडी फर्निचरने जळल्या. पण त्यानंतर काय केलं, तर खलाशांना छिन्न्या देऊन जहाजांच्या आतल्या भिंतींचा रंग खरवडायला लावला, लिनोलियम उपटलं, गुबगुबीत खुर्च्या किनाऱ्यावर उतरवल्या. मार्च १९४५ ला त्यांची विमानवाहू फ्रँकलिन पेटली, सातशेच्या वर माणसं गेली, तरी ती स्वतःच्या इंजिनवर न्यूयॉर्कला पोचली. आणि वैमानिकांचं म्हणाल तर मिडवेला जपानचे विमानातले लोक गेले एकशे दहाच्या आसपास. ऑक्टोबरमध्ये सांताक्रूझ बेटांच्या लढाईत त्याहून जास्त गेले, आणि ती लढाई जपानने जिंकली म्हणतात. ही भरती पुन्हा झालीच नाही.

सरखेल

सांताक्रूझचा आकडा माझ्या लक्षात नव्हता. ठीक आहे, मिडवेला वैमानिकांची फळी संपली हे वाक्य पोस्टमधून काढतो. "लॉटरी" पण काढतो. "नशीब" ठेवणार. अराशी त्या दिवशी तिथे नसती तर तुमच्या पाइपलाइनी आणि रोलर पुढे वर्षभर घासत बसले असते.

दर्यावर्दी

वर्षभर मान्य. निकाल तोच.

मांडवीची नात

त्या फिटरचा हात बरा झाला का? आणि त्या डॅम्परचं काय केलंत?

दर्यावर्दी

हात बरा झाला, दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. अजून बोटीवरच आहे, दिवाळीला फोन येतो. डॅम्परचं म्हणाल तर पुढच्या बंदराला पोचेपर्यंत आम्ही बोटीवरचे सगळे डॅम्पर छिन्नीने खरवडले. चौदा होते, त्यातले पाच हलत नव्हते.