बिगक्वेरीची पायथन लायब्ररी २ वरून ३ वर गेली, एरर मिटला पण पुढे काय बघू?

रात्रपाळी_ईटीएल
मंडळी, जरा मदत हवीय. आमच्याकडे दूध संकलनाचा डेटा बिगक्वेरीत (गूगलचा क्लाउडवरचा डेटाबेस) येतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळची शिफ्ट, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), सभासद नंबर असं सगळं. रात्री दीडला एक पायथन स्क्रिप्ट तो ओढते, पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) हिशोब करते आणि परत दुसऱ्या टेबलात टाकते, त्यावरून दर दहा दिवसांनी बिल निघतं. स्क्रिप्ट माझी नाही, लिहिणारा कधीच सोडून गेला, आणि चालतंय ना मग हात लावू नका या तत्त्वावर ती आजवर चाललीय.

आता झालं काय, पायथन ३.८ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२४ लाच संपलाय म्हणून सिक्युरिटीवाले मागे लागले, तर मी नवीन मशीनवर ३.११ टाकलं आणि रिक्वायरमेंट्सची फाईल तशीच्या तशी चालवली. त्या फाईलमध्ये बिगक्वेरीच्या पुढे व्हर्जनच लिहिलेलं नव्हतं (हो, माहितेय, शिव्या नंतर घाला) त्यामुळे जुन्या मशीनवर २.३४.४ होतं आणि इथे थेट ३ मधलं ताजं आलं. पहिल्याच रनला टू_डेटाफ्रेमवर (बिगक्वेरीतला डेटा पांडाजच्या तक्त्यात, म्हणजे डेटाफ्रेममध्ये आणणारं फंक्शन) एरर, डीबी-डीटाइप्स पॅकेज इन्स्टॉल करा म्हणून. केलं. चालली! रो काउंट जुन्याइतकाच, लिटरची बेरीज पण पॉइंटपर्यंत जुळली. तर प्रश्न एवढाच की आता हे लाइव्ह टाकू का अजून काही बघायचं असतं?

जुनं_ते_सोनं
२.३४.४ पिन कर, म्हणजे फाईलमध्ये तेच व्हर्जन पक्कं लिही, आणि झोप. बिलाच्या आठवड्यात कोणी लायब्ररी बदलतं का?

कीबोर्डचा_कीडा
पिन करणं बरोबर आहे पण त्याने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो, आज ना उद्या चढावंच लागणार.

@रात्रपाळी_ईटीएल, पॅकेज सुटं टाकण्यापेक्षा बिगक्वेरीच्या नावापुढे चौकटी कंसात पांडाज लिहून इन्स्टॉल कर, म्हणजे पांडाजसाठी लागणारं सगळं एकमेकांना चालेल अशा व्हर्जनमध्ये येतं. आणि तुला जो एरर आला ना तो खरं तर चांगला एरर, कारण तो ओरडला. भीती न ओरडणाऱ्यांची आहे. ३.० आलं मार्च २०२२ मध्ये आणि त्यात टू_डेटाफ्रेममधून बाहेर पडणाऱ्या कॉलमचे प्रकारच बदललेत. आधी इंटिजर (पूर्णांक) कॉलममध्ये एक जरी नल, म्हणजे रिकामी जागा, असला की अख्खा कॉलम फ्लोट (दशांश) व्हायचा, कारण नमपायच्या (पांडाजच्या खालची आकडेमोडीची लायब्ररी) साध्या इंटला रिकामी जागा ठेवताच येत नाही, म्हणून १०४२ चं १०४२.० व्हायचं. आता पांडाजचा नल चालणारा इंट६४ येतो, तो मोठ्या आय वाला. बूलियनचं पण तसंच. आणि डेट, टाइम हे डीबी-डीटाइप्सच्या प्रकारात येतात, म्हणून तर ते पॅकेज मागत होतं.

तुमच्या सभासद नंबरात नल असतात का? असतील तर त्या कॉलमला स्क्रिप्टमध्ये कुठे कुठे हात लावलाय ते एकेक ओळ वाचून काढ. बेरीज जुळली यावर जाऊ नको.

विदाताई
कीडा म्हणतात ते वाचायच्या बाजूचं झालं, लिहायच्या बाजूला पण एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलेय.

डेटाफ्रेम परत टेबलात लोड करताना स्कीमा (कोणता कॉलम कोणत्या प्रकारचा याची यादी) दिला नसेल आणि वेळेच्या कॉलमला टाइमझोन नसेल तर २ मध्ये तो टाइमस्टॅम्प (नेमका क्षण) म्हणून जायचा, ३ मध्ये डेटटाइम (टाइमझोन नसलेली तारीख-वेळ) म्हणून जातो. तुम्ही अपेंड (जुन्या ओळींखाली भर) करत असाल तर कळणारही नाही, कारण लायब्ररी आधीच्या टेबलाचा स्कीमा उचलून वापरते. पण राइट_ट्रंकेट (जुनं पुसून नव्याने लिहिणं) असेल तर टेबल नव्या स्कीमाने लिहिलं जातं आणि कॉलमचा प्रकार गुपचूप बदलतो. आमच्याकडे ज्या व्ह्यूमध्ये (साठवून ठेवलेल्या क्वेरीत) आत्ताच्या टाइमस्टॅम्पशी तुलना होती ते लगेच फुटले, ते बरं झालं एका अर्थी. पण एक डॅशबोर्ड फुटला नाही. तो टाइमस्टॅम्पला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून साडेपाच तास पुढे करून दाखवायचा आणि डेटटाइमला हातच लावायचा नाही, म्हणजे सकाळी सहाची नोंद रात्री साडेबाराची दिसायला लागली आणि तीन दिवस कोणी काही बोललं नाही, चौथ्या दिवशी एका मॅनेजरने विचारलं की ही माणसं रात्री कामाला येतात का!

लोड करताना जॉब कॉन्फिगमध्ये स्कीमा स्वतः लिहून द्या. नाहीतर निदान कॉलमला यूटीसी टाइमझोन लावून मग पाठवा.

जुनं_ते_सोनं
म्हणून म्हणतोय पिन करा 😄

उसगावकर
अजून एक छोटंसं, नवीन मशीनला नवीन सर्व्हिस अकाउंट (स्क्रिप्ट ज्या खात्याने लॉगिन करते ते) दिलाय का? टू_डेटाफ्रेम मोठा डेटा स्टोरेज रीड एपीआयवरून ओढतं, त्यासाठी रीड सेशन बनवायची परवानगी वेगळी लागते, नसेल तर ४०३ (परवानगी नाही) हा एरर येतो आणि माणूस टेबलाच्या परवानग्या तपासत बसतो. रीड सेशन युजर हा रोल द्या. अगदीच मिळत नसेल तर बीक्यूस्टोरेज क्लायंट बनवण्याचा पर्याय फॉल्स करा, साध्या रेस्ट एपीआयने येईल, हळू पण येईल.

रात्रपाळी_ईटीएल
अकाउंट जुनाच आहे, ते ठीक. पण कीडाभाऊ, तुमचे पाय कुठे आहेत?

सांगतो. सभासद नंबरात नल असतात, ऑपरेटर घाईत नंबर टाकायचा राहतो कधीकधी. म्हणजे आमचा कॉलम कायम फ्लोट यायचा. लिहिणाऱ्याला सभासदांच्या एक्सेल यादीशी तो जोडायचा होता, यादीत नंबर टेक्स्टमध्ये, तर त्याने काय करावं? कॉलम स्ट्रिंग केला, '१०४२.०' आलं, आणि शेवटची दोन अक्षरं कापून टाकली. एवढंच. वर कमेंट: 'पॉइंट झिरो काढला'.

आता ३ मध्ये स्ट्रिंग येते '१०४२'. शेवटची दोन कापली की राहतं १०. म्हणजे १००० ते १०९९ मधले झाडून सगळे सभासद १० नंबरचे झाले! तीन आकड्यांवाले एका आकड्यावर आले, एक-दोन आकडी नंबर होते ते रिकामेच झाले. लेफ्ट जॉइन (यादीत नंबर सापडला नाही तरी ओळ राहते) असल्यामुळे ओळी तेवढ्याच, लिटरची बेरीज तेवढीच, म्हणून मला वाटलं सगळं जुळलं. तुमचा प्रतिसाद वाचून सभासदवार काढलं तर १० नंबरवाल्याच्या नावावर एका सकाळचं ६१२ लिटर. केंद्रावर फोन करून विचारलं, त्याच्याकडे दोन गाई आहेत.

बिल परवा निघणार होतं. हात थरथरले खरंच.

विदाताई
दोन गाई आणि ६१२ लिटर 😂 बक्षीस द्या त्यांना. पण वेळेत सापडलं हे महत्त्वाचं. आणि दोष नुसता लिहिणाऱ्याला देऊ नका, त्याने समोर जे दिसत होतं त्याचा इलाज केला, आपणही दिवसातून चार वेळा हेच करतो.

कीबोर्डचा_कीडा
ती कापाकापीची ओळ काढून टाक, इंट६४ वरून थेट स्ट्रिंग कर. फक्त नलचं बघ, आधी तिथे 'नॅन' हे अक्षरशः टेक्स्ट म्हणून यायचं, आता कोनाच्या कंसातलं 'एनए' येईल, ते जॉइनच्या आधीच वेगळं काढ. घाई असेल आणि कोड लगेच बदलायचा नसेल तर नव्या व्हर्जनांमध्ये टू_डेटाफ्रेमला इंट_डीटाइप नावाचा पर्याय आहे, त्याला नन (पायथनचं 'काही नाही') दिलं की जुन्या नमपायच्या वळणावर जातं. पण ते बिल निघेपर्यंत, कायमचं नको.

रात्रपाळी_ईटीएल
ओळ काढली. आता एक शेवटची शंका, संकलनाच्या टेबलातली तारीख डीबीडेट (डीबी-डीटाइप्सचा तारखेचा प्रकार) म्हणून येते पण सभासदांच्या टेबलातली 'वैध कधीपर्यंत' ही तारीख ऑब्जेक्ट येते. दोन्ही बिगक्वेरीत डेटच आहेत. असं का?

कीबोर्डचा_कीडा
चालू सभासदांना ९९९९-१२-३१ टाकलंय ना?

डीबीडेट आतून पांडाजचे नॅनोसेकंद वापरतो आणि त्यात १६७७ ते २२६२ एवढंच मावतं. कॉलममध्ये एक जरी तारीख बाहेरची असली तर लायब्ररी अख्खा कॉलम साध्या पायथन तारखांचा ऑब्जेक्ट करून देते. म्हणजे प्रकार डेटावर ठरतो, उद्या फिल्टर लावून फक्त बंद सभासद ओढलेस तर तोच कॉलम डीबीडेट येईल. क्वेरीतच नलइफ (ठरावीक किंमत आली की नल देणारं फंक्शन) लावून ९९९९ चं नल कर.

रात्रपाळी_ईटीएल
बरोब्बर ९९९९-१२-३१ च आहे. नलइफ लावला, दोन्ही डीबीडेट आले.

सध्याची व्यवस्था: परवाचं बिल जुन्या मशीनवरूनच काढतोय, तिथे २.३४.४ आता फाईलमध्ये लिहून पिन केलंय (जुनं_ते_सोनं, खूश?). नवीन मशीन शेजारी चालू, ती वेगळ्या डेटासेटमध्ये लिहिते आणि सकाळी मी दोन्हीकडचे कॉलमचे प्रकार आणि सभासदवार लिटर ताडून बघतो. विदाताईंचा स्कीमा पण टाकला, आमचं राइट_ट्रंकेटच निघालं. एक पूर्ण दहा दिवसांचं बिल दोन्हीकडे सारखं आलं की जुनी मशीन बंद.

जुनं_ते_सोनं
खूश. पण त्या १० नंबरवाल्याला सांगू नको की असं काही निघत होतं.