सगळं आधीच ठरलंय, तर प्रार्थना कशाला?

कृष्णाकाठची_सून :
परवा रविवारी उपासनेनंतर चहाला थांबलो होतो. तरुण संघातला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, पार्ले-जी चहात बुडवत मला म्हणाला, "काकू, शेजारणीसाठी दहा वर्षं प्रार्थना करताय. ती निवडलेल्यांत नसलीच तर?" बिस्कीट तुटून कपात पडलं आणि तो चमचा शोधायला गेला. मी आपली तिथंच उभी.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सोळाव्या शतकातला जिनीव्हाचा धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याची शिकवण अशी, की माणूस पापानं इतका बिघडलाय की आपण होऊन तो देवाकडे वळूच शकत नाही. देवानं जगाच्या स्थापनेआधीच काहींना तारणासाठी, म्हणजे पापातून सुटकेसाठी, निवडलं, तेही लायकी बघून नव्हे, किंवा हा पुढं विश्वास ठेवणार हे हेरूनही नव्हे, निव्वळ कृपेनं. हे यूट्यूबवरून आलेलं खूळ नाही. सांगली-मिरजेकडं मंडळ्या उभ्या केल्या त्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशननं, आणि त्यांच्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारात, म्हणजे काय मानतो ते मांडणाऱ्या जाहीरनाम्यात, हे स्वच्छ लिहिलंय. आपल्याकडं त्यावर फारसं कुणी बोलत नाही एवढंच.

मी निवड मानते. मागं वळून बघितलं तर मी देवाला शोधलं असं काही मला म्हणवत नाही, मी तर पळत होते. पण ही गोष्ट माणसानं स्वतःबद्दल म्हणावी, तीही गुडघ्यावर. दुसऱ्याच्या नावापुढं टिक किंवा फुली मारायला ती नाही. मार्केट यार्डात हळदीची प्रतवारी करतात, हे हळकुंड, हा गड्डा, तसलं हे काम नव्हे. कॅल्व्हिनच्या मोठ्या ग्रंथाची १५५९ ची आवृत्ती बघा. तिसऱ्या भागात आधी प्रार्थनेवर लांबलचक प्रकरण आहे, आणि त्याच्या लगेच पुढं निवड. त्याला प्रार्थनेची अडचण वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

हळदवाला :
ताई, प्रतवारीला नावं ठेवू नका, आमचं पोट त्यावर आहे. प्रतवारीला निदान कारण असतं. माल बघतो, मोडून बघतो, मग भाव करतो. तुम्ही सांगताय तो देव माल न बघताच एक पोतं उचलतो आणि दुसरं जाळात टाकतो. हा न्याय झाला का? आमच्याकडं असा सौदा कुणी केला तर शेतकरी धरून मारतील. आणि शास्त्रात सरळ लिहिलंय, सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय.

रिफॉर्म्ड_पोरगा :
काकू, तो मुलगा मीच 🙈 सॉरी. चमचा मिळाला नाही.

काका, तुमच्या उदाहरणात दोन्ही पोती चांगली आहेत. प्रेषित पौल म्हणतो दोन्ही किडलेली, म्हणजे सगळीच माणसं पापी. सगळंच फेकायच्या लायकीचं असताना त्यातलं एक घरात घेतलं, तर घेतलेल्यावर कृपा झाली, फेकलेल्यावर अन्याय कुठं झाला? रोमकरांस पत्राचा नववा अध्याय वाचा. याकोब-एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, बरंवाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच ठरलं.

२०१९ च्या महापुराचं बघा. पत्र्यावर बसलेला माणूस बोटीला हात करत होता, दोर टाकला तर धरत होता. लोकांना वाटतं तारण तसं आहे. इफिसकरांस पत्र म्हणतं, तुम्ही मेलेले होता. मेलेला दोर धरत नाही.

हळदवाला :
बरं. पोत्यात किडा सोडला कुणी?

साताऱ्याचा_मास्तर :
हा प्रश्न जुना आहे हो. हॉलंडातल्या लायडनचा प्राध्यापक आर्मिनियस ह्याच पेचात होता. तो १६०९ साली वारला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली : देव विश्वास ठेवणाऱ्यांना निवडतो, ख्रिस्त सर्वांसाठी मेला, कृपा नाकारता येते, वगैरे. त्याला उत्तर म्हणून डॉर्टची धर्मसभा बसली, १६१८-१९. हल्ली तरुण मुलं 'कॅल्व्हिनचे पाच मुद्दे' म्हणून घोकतात ते ह्या सभेतून निघाले. तोवर कॅल्व्हिनला जाऊन पन्नासेक वर्षं झाली होती. आणि सभा काही निव्वळ शास्त्रार्थाची नव्हती. सभा संपली त्याच मे महिन्यात, १६१९ साली, आर्मिनियसवाल्यांचा पाठीराखा, हॉलंडचा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट, ह्याचं मुंडकं उडवलं. त्यामुळं "शास्त्रानं निकाल लागला" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

माझा कल आर्मिनियसकडं. "जीवन निवड" असं बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात सांगितलंय, ते मेलेल्याला सांगतात का?

गणपतीपेठ :
मी ख्रिस्ती नाही, वाचतोय फक्त. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत हाच वाद आहे की. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. मांजराचं पिल्लू काही करत नाही, आईच मानगुटीला धरून उचलते. वडकलै पहिल्या बाजूचे, तेंकलै दुसऱ्या. तुमचा पोरगा मांजरवाला दिसतोय. म्हणजे शेवटी प्रारब्धच ना हे?

रिफॉर्म्ड_पोरगा :
मांजर पटलं, प्रारब्ध नाही. प्रारब्ध म्हणजे माझ्याच खात्यावरची जुनी बाकी. निवड म्हणजे खातं बघितलंच नाही.

मिरजकरीण :
मला वादात पडायचं नव्हतं. माझं पहिलं बाळ चार दिवसांचं होऊन गेलं, मिरजेला, दवाखान्यात. बाप्तिस्म्यालाही वेळ मिळाला नाही. काचेच्या पेटीत हात घालून त्याच्या तळव्याला माझं बोट लावलं की ते मूठ मिटायचं. घरी भेटायला आलेल्या एकीनं सांगितलं, "निवडलेलं असेल तर गेलं असेल प्रभूकडं." असेल तर! ही शिकवण खरी असो नाहीतर खोटी, त्या 'तर'चं काय करायचं सांगा.

रिफॉर्म्ड_पोरगा :
ताई, त्या बाईंनी तसं बोलायला नको होतं. डॉर्टच्याच निर्णयांत पहिल्या भागात सतरावं कलम आहे, की विश्वासू आईबापांनी बालपणी देवानं नेलेल्या लेकरांच्या निवडीविषयी आणि तारणाविषयी शंका धरू नये. आणि वेस्टमिन्स्टरमध्ये 'निवडलेली बालकं' असे शब्द होते, त्यावर अमेरिकन प्रेसबिटेरियनांनी १९०३ साली खुलासा केला, की ह्याचा अर्थ बालपणी मेलेलं कुणी नाश पावतं असा घेऊ नये.

हळदवाला :
म्हणजे वेस्टमिन्स्टर लिहिल्यावर अडीचशे वर्षांनी आयांचं रडणं ऐकू आलं. आणि कॅल्व्हिन स्वतःच कबूल करतो ना, हा निर्णय भीषण आहे म्हणून? मग आम्ही म्हटलं तर काय चुकलं?

रिफॉर्म्ड_पोरगा :
भीषण म्हटलं, अन्यायी म्हटलं नाही.

साताऱ्याचा_मास्तर :
पोरा, तुझं कलम विश्वासू आईबापांपुरतंच आहे बरं का. शेजारणीचं बाळ असतं तर?

कृष्णाकाठची_सून :
मिरजकरीण ताई, नंबर मेसेज करा, बोलू आपण.

बाकीच्यांना एवढंच सांगते. निवड मानली की सुवार्तेचं काम थंडावतं म्हणतात. मराठीचं व्याकरण १८०५ साली छापणारा मिशनरी विल्यम कॅरी निवड मानणाराच होता. इंग्लंड सोडून बंगालात आला तो गेलाच नाही परत. फिलिप्पैकरांस पत्रात एका वाक्यात म्हटलंय, भीत कापत आपलं तारण साधून घ्या, आणि पुढच्याच वाक्यात, इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवतो. पौलानं ती दोन वाक्यं जोडून ठेवली, समजावत बसला नाही. मलाही समजावता येत नाही. मास्तर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, पण त्या बाळासाठी मी 'तर' म्हणणार नाही.

आणि पोरा, शेजारीण आत्ता विचारून गेली, गिरणीला येतेस का म्हणून. निघते.

हळदवाला :
किडा कुणी सोडला ते राहिलंच. सौदे सुरू व्हायची वेळ झाली, रात्री बघतो.