मदत हवी आहे : नागपूरच्या उन्हाळ्यात फ्रेंच बुलडॉगच्या पिल्लाला रात्री थंड कसे ठेवावे?

आमच्या घरी १२ दिवसांपूर्वी फ्रेंच बुलडॉगचे पिल्लू आले असून ते आता १० आठवड्यांचे आहे; लसीचा दुसरा डोस बाकी असल्यामुळे त्याला अजून बाहेर नेत नाही. ते नीट खाते, खेळते, आणि पशुवैद्यकांच्या तपासणीत नाकपुड्या, छाती व तापमान ठीक आढळले. अडचण रात्रीची आहे. आखूड नाकामुळे या जातीला धापा टाकून अंग थंड करणे जड जाते, म्हणून कूलर लावला. परंतु बंद खोलीत दमटपणा वाढून त्याची धाप उलट वाढली. खिडकी उघडी ठेवल्यावर थोडाच फरक पडला. ओल्या टॉवेलवर ते बसत नाही. हॉलमध्ये एकटे ठेवले की रडून रडून पुन्हा धापा टाकते, त्यामुळे त्याची गादी आमच्या पलंगाशेजारीच आहे आणि बिचाऱ्याला तिथून हलवण्याची माझी इच्छा नाही. एसी याच खोलीत आहे, पण इतक्या लहान जिवाला रात्रभर त्यात ठेवण्याची भीती वाटते. विदर्भात या जातीचे पिल्लू वाढवलेल्यांनी कृपया सांगावे : एसी किती अंशांवर ठेवावा, आणि झोपेतले साधे घोरणे व धोक्याची धाप यांतला फरक नेमका कशावरून ओळखावा?