साडीचे फोटो वेबसाइटसाठी लहान करायचेत, काय वापरू?

घडीमोड:
मावशीच्या दुकानासाठी वर्डप्रेसवर छोटी साइट करतेय. माल मुख्यतः इरकल आणि खण. फोटो आयफोनवर काढलेत, 4032 × 3024 पिक्सेलचे, एकेक 4-5 एमबीचा. पान उघडेपर्यंत चहा होतो. एका फुकट साइटवर टाकून लहान केले तर दोन भानगडी झाल्या. बारीक चौकड्यांच्या इरकलीवर लाटांसारखे वाकडे पट्टे उमटले, आणि डाळिंबी रंग विटका दिसायला लागला. गिऱ्हाईक रंग बघूनच साडी मागवतं हो! फोटोशॉपचे पैसे भरायचे नाहीयेत. लॅपटॉप विंडोजचा. शिवाय मामेभाऊ म्हणतो, आधी 72 डीपीआय कर. ते कसं करतात?

जुनं_खोड:
डीपीआय सोडून द्या. तो आकडा (एका इंचात किती ठिपके) छापण्यासाठी असतो, ब्राउझर त्याच्याकडे बघतही नाही. 72 लिहा नाहीतर 300, 1200 पिक्सेल रुंद फोटो 1200च राहणार.
इरफानव्ह्यू घ्या. 1996 पासून आहे, हलकंफुलकं, एका दमात अख्खं फोल्डर लहान करून देतं. फक्त नवे फोटो वेगळ्या फोल्डरात जाऊ द्या, मूळ फोटोंवर काहीही सेव्ह करायचं नाही.

कॅमेरा_कोपरा:
इरफानव्ह्यू घरगुती वापराला फुकट आहे. दुकानासाठी वापरायचं तर परवाना घ्यावा लागतो. जिंप (फोटोशॉपसारखा फुकट प्रोग्रॅम) किंवा स्क्वूश (फोटो लहान करायची फुकट वेबसाइट) घ्या, तिथे ती अडचण नाही. स्क्वूश ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटो तुमच्या लॅपटॉपबाहेर जात नाही.

आधी बघा, पानावर फोटो किती रुंद दिसतो. 600 असेल तर 1200 चा करा, कारण मोबाइलच्या दाट स्क्रीनला दुप्पट लागतात. तुमच्या मूळ फोटोत सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल आहेत, 1200 × 900 मध्ये जेमतेम अकरा लाख. जेपेग क्वालिटी 75-80 पुरे. जेपेगऐवजी वेबपी हा फाइलप्रकार निवडलात तर फाइल बहुतेक वेळा आणखी लहान होते.

आता पट्टे. मूळ फोटो 100 टक्क्यांवर उघडून बघा. तिथेही असतील तर ते कॅमेऱ्यानेच आणलेत, थोडं पुढेमागे सरकून किंवा कोन बदलून पुन्हा काढा. तिथे नसतील तर लहान करण्याची पद्धत चुकतेय. चौकडा नव्या पिक्सेलपेक्षा बारीक झाला आणि टूलने मधले पिक्सेल नुसते गाळले की असे खोटे पट्टे तयार होतात. स्क्वूशमध्ये रिसाइझला लँक्झोस निवडा, ते आजूबाजूच्या पिक्सेलांचा हिशेब करून नवा पिक्सेल बनवतं. तरी राहिले तर जिंपमध्ये आधी अगदी पुसटसा ब्लर द्या, मग लहान करा. एरवी लहान केल्यावर थोडं शार्पन करतात. इरकलीवर नको, पट्टे परत डोकं वर काढतील.

रंगाचं कारण बहुधा असं: आयफोन डिस्प्ले पी3 प्रोफाइलमध्ये फोटो काढतो. प्रोफाइल म्हणजे फाइलीतले रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी नोंद, आणि वेबवर नेहमीचं प्रोफाइल एसआरजीबी. काही साइट रंग न बदलता प्रोफाइल तेवढं काढून टाकतात, मग ब्राउझर तो एसआरजीबी समजतो आणि लाल मरतो. जिंपमध्ये इमेज मेन्यूतल्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन एसआरजीबीत कन्व्हर्ट करा, मगच एक्सपोर्ट.

मधुरा_नाशिक:
एक्सपोर्ट करताना एक्झिफ (फोटोसोबत फाइलीत साठवलेली माहिती) समोरची टिक काढायला विसरू नका. फोटो घरी काढले असतील तर घराचं लोकेशन फाइलीत बसलेलं असू शकतं.

जुनं_खोड:
परवान्याचं बरोबर आहे, दुकान वाचायचं राहूनच गेलं.
वर्डप्रेस स्वतःही लहान आवृत्त्या बनवतं, आणि 4.4 पासून ब्राउझरला त्यातली सोयीची निवडू देतं. त्यामुळे यादीच्या पानावर 300 रुंदीच्या चौकटीत पूर्ण आकाराचा फोटो कोंबू नका. ब्राउझर तो पुन्हा लहान करतो आणि चौकड्यांवर पट्टे परत येऊ शकतात.

घडीमोड:
मूळ फोटोत पट्टे नव्हतेच! लँक्झोसने गेले. एसआरजीबी केल्यावर डाळिंबीही डाळिंबी झाला. फाइल 300 केबीच्या आत ठेवायची होती, ती बसत नाहीये पण, खणाच्या फोटोंची तर अजिबात नाही.

कॅमेरा_कोपरा:
खणावर बुट्टी न बुट्टी दाट, सपाट जागाच नाही, त्यामुळे जेपेगला दाबायला वाव कमी. क्वालिटी 70 करून डोळ्यांनी बघा. नाहीतर 350-400 केबी चालवून घ्या. पदराचा क्लोजअप द्यायचा असेल तर तो मूळ फोटोतून कापून वेगळा ठेवा, क्लिक केल्यावरच उघडेल असा.