मदत हवी आहे: मांडीचं हाड मोडलेलं मांजराचं पिल्लू फॉस्टर करायचंय

नमस्कार. हाड मोडलेलं पिल्लू ज्यांनी घरी सांभाळलंय त्यांचा सल्ला हवा आहे. कौतुक नंतर करा, आधी कुठे फसू शकते ते सांगा.

शेल्टरमध्ये एक भाटी आहे, करड्या पट्ट्यांची. वय अंदाजे दोन महिने, वजन साडेसातशे ग्रॅमच्या आगेमागे. कुणीतरी आणून सोडली तेव्हा मागचा उजवा पाय नुसता लोंबकळत होता. एक्स-रेत मांडीचं हाड मधोमध मोडलेलं दिसलं, आणि आत पिन घालून ऑपरेशन झालं. प्लास्टर का नाही, असं मी विचारलं. हाड धरून ठेवायचं तर मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधावे लागतात, आणि मांडीच्या वरचा सांधा म्हणजे खुबा, तो बांधणार कसा, असं डॉक्टर म्हणाले. ते पटलं.

आता तिला तिथून हलवायची घाई आहे. आजूबाजूच्या पिंजऱ्यांत शिंकणारी, नाक गळणारी पिल्लं आहेत. ही टाके चाटत बसते आणि तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस नाही. मी बघायला गेले तेव्हा बाईसाहेब जाळीतून पंजा बाहेर काढून माझ्या बाहीचं बटण ओढत होत्या. दुखरा पाय बाजूला टाकलेला, उरलेल्या तिघांवर डुलत डुलत तोल सावरणं चालू. म्हणजे जीव दमदार आहे, आणि मला भीती नेमकी त्याचीच वाटते. असल्या कार्टीला महिना-दीड महिना पिंजऱ्यात ठेवायचं कसं?

घरची परिस्थिती: मी बहुतेक वेळ घरूनच काम करते. दार लागेल अशी एक लहान खोली रिकामी आहे. घरात एक म्हातारा, तिरसट बोका आहे. नवऱ्याचं म्हणणं, "तात्पुरतं काही नसतं, सरळ दत्तक घेतली म्हण." ते बाजूला ठेवू.

मुख्य घोळ शेल्टरने दिलेल्या कागदाचा आहे. त्यात एका ओळीत 'हालचाल पूर्ण मर्यादित ठेवा' असं आहे आणि पुढच्याच ओळीत 'दिवसातून दोन-तीन वेळा गुडघा हलकेच वाकवा'. यातलं खरं काय? दुसरं, बोक्याला किती दिवस लांब ठेवायचं? तिसरं, ती दुखत असतानाही गुरगुरते का? तसं असेल तर दुखतंय हे ओळखायचं कशावरून? आणि हाड जुळलंच नाही तर पाय काढायचा निर्णय कुणाचा, माझा की शेल्टरचा?

कोरांटी:
आधी बोक्याचं बोलते. शेल्टरमधून आलेल्या पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं. भांडी, लिटर ट्रे, टॉवेल सगळं वेगळं, आणि तिला हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, कपडे बदलायचे. सर्दी एकवेळ परवडली, पण पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) विषाणू खोलीत सहज वर्षभर टिकू शकतो. लस न झालेली पिल्लं त्यात एक-दोन दिवसांतही जाऊ शकतात. बोक्याच्या लशी वेळच्या वेळी झाल्यात ना, ते तिला आणायच्या आधीच बघा. हिची पहिली लस झालीय का, तेही विचारा. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण चार महिन्यांची होईपर्यंत लस द्यावी लागते. एका टोचणीवर निर्धास्त होऊ नका.

फिनेल आणि तसली वासाची जंतुनाशकं त्या खोलीत नकोत. मांजराच्या यकृताला त्यातलं फिनॉल झेपत नाही, आणि ही तर पंजे चाटणारच. आधी साबणाने घाण काढा. मग एक भाग साधं ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असं लावून दहा मिनिटं राहू द्या, नंतर स्वच्छ पुसून वाळवा. तोपर्यंत पिल्लू खोलीबाहेर. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही.

पिसवांवर कुत्र्यांसाठीचे थेंब टाकू नका. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात.

रात्रपाळी:
कागदातल्या दोन्ही ओळी बरोबर आहेत, फक्त लिहिणाऱ्याने मधलं वाक्य खाल्लंय. बंदी आहे ती उडी, धाव आणि चढण्यावर. गुडघा मात्र वाकत राहिलाच पाहिजे.

कारण सांगतो. वाढत्या वयात मांडीचं हाड मोडलं की मांडीच्या पुढचा स्नायू भरून येणाऱ्या हाडाला चिकटू शकतो. मग पाय काठीसारखा ताठ राहतो, गुडघा दुमडतच नाही. याला क्वाड्रिसेप्स कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. एकदा पक्कं झालं की सुटणं महाकठीण, आणि हाड छान जुळूनही शेवटी पाय काढायची पाळी येऊ शकते. पाय सरळ ठेवून बांधून टाकला तर हा धोका वाढतो. म्हणजे प्लास्टर न घालण्यामागे हेही एक कारण आहे.

व्यायाम डॉक्टरांसमोर एकदा स्वतः करून दाखवा, व्हिडिओवरून शिकू नका. दुखण्याचं औषध अंगी लागल्यावर, साधारण तासाभराने, तिला निरोगी कुशीवर झोपवायचं. एक हात मांडीखाली, दुसऱ्याने घोटा धरून पाय सायकल मारल्यासारखा सावकाश दुमडायचा आणि सोडायचा. सात-आठ वेळा पुरे. ओरडली, वळून चावायला आली की थांबा, जोर लावू नका. गुडघा कालच्यापेक्षा कमी वाकतोय असं सलग दोन दिवस वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून आणा.

पिंजरा: मध्यम कुत्र्यासाठी मिळतो तेवढा क्रेट. अंथरूण, ट्रे आणि वाट्या मावून तिला वळता यावं, पण धावायला जागा उरू नये. वरून बंद हवाच. उघडं कुंपण घेतलंत तर पहिल्याच रात्री ती वर लटकलेली दिसेल. गजांवर चढतातही, म्हणून तीन बाजूंना आतून गुळगुळीत पुठ्ठा लावा. आत फळी, झोळी काही नको. खाली रबरी मॅट आणि वर टॉवेल, गुळगुळीत तळावर मागचा पाय घसरतो. ट्रेची कड बोट-दोन बोटं उंचीची ठेवा. वाळूऐवजी कागदाचे तुकडे टाका, टाक्यांना चिकटत नाहीत.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा क्रेटशेजारी हलवा आणि रोज एकाच वेळी वजन करा. या वयात दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ व्हायला हवी. वजन अडलं तर विचारा, घटलं तर त्याच दिवशी फोन.

मिशीवाला:
गुरगुरण्यावर विश्वास ठेवू नका, भयंकर दुखत असतानाही मांजरं गुरगुरतात. तोंडाकडे बघा. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं मोजायची पट्टी प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी बघतात: कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक केलेत का, नाका-तोंडाभोवतीचा भाग ताणलाय का, मिशा ताठ पुढे आल्यात का आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. शांत झोपलेलं पिल्लू सैल पडतं, दुखणारं गोळा होऊन बसतं. फरक एकदा कळला की विसरत नाही.

घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन वगैरे अजिबात नाही. पॅरासिटामॉलचा छोटा तुकडाही मांजराचा जीव घेतो. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात. डॉक्टरांनी दिलेलं औषध लिहिलेल्या मापानेच द्या. आणि ती खात-पीत नसेल, उलट्या-जुलाब होत असतील तर पुढचा डोस द्यायच्या आधी त्यांना विचारा.

ताबडतोब न्यायची लक्षणं: टाके ओले होणं किंवा वास येणं, खुब्याजवळ कातडीखाली काहीतरी टोचल्यासारखं वर येणं (पिन सरकते कधी कधी), टेकवायला लागलेला पाय पुन्हा उचलून धरणं. लघवीवर खास लक्ष ठेवा. ज्या माराने मांडी मोडली त्यानेच मूत्राशयालाही इजा झालेली असू शकते. दिवसभर ट्रे कोरडा म्हणजे वाट बघायची नाही.

पाय काढण्याचा निर्णय: फॉस्टर करताय तोवर पिल्लू कागदोपत्री शेल्टरचं. तेव्हा उपचाराचा खर्च कुणाचा, रात्री-अपरात्री कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, तिथे सही कोण करणार, आणि तुम्हाला जमेनासं झालं तर ती परत घेणार का, हे आणायच्या आधीच लेखी घ्या. तोंडी 'बघू हो' वर आणू नका. बाकी तीन पायांच्या मांजराची धास्ती घेऊ नका. माझी कपाटावर चढते, उतरताना तेवढी शिव्या देते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, ते 'मधलं वाक्य' मी शेल्टरच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान्य केलं आणि व्यायाम करून दाखवायला बोलावलंय. खर्च आणि सहीचं लेखी द्यायला ते तयार आहेत. 'परत घेणार' या मुद्द्यावर मात्र गुळमुळीत उत्तर मिळालं, ते स्पष्ट झाल्याशिवाय मी सही करणार नाही. पहिली लस झालीय, जंतांचं औषधही. बोक्याची लस थकली होती, ती देऊन आणली, त्यामुळे सध्या तो माझ्याशी बोलत नाही.

एकच उरलं. रात्री क्रेट हलवून ओरडायला लागली तर काय करायचं? सकाळपर्यंत दुर्लक्ष करायचं?

रात्रपाळी:
आधी खात्री करा की दुखत नाहीये, ट्रे भरलेला नाही आणि पोट रिकामं नाही. हे तिन्ही ठीक असेल तर दुर्लक्षच. रात्री दोनला एकदा बाहेर काढलंत की तिने वेळापत्रक पाठ केलंच म्हणून समजा. झोपायच्या आधी क्रेटमध्येच बसल्या जागी खेळवा, खेळणं जमिनीलगत सावकाश फिरवायचं, उंच धरायचं नाही. मग खाऊ घाला आणि वरून चादर टाका. शिकार, जेवण, झोप हा क्रम त्यांच्या अंगातच असतो.

धागाकर्ती:
दोरीला पीस बांधलेलं खेळणं आहे घरात, ते चालेल?

रात्रपाळी:
तुमच्या हातात असेल तेवढा वेळच. खेळ संपला की कपाटात बंद. दोरा गिळला तर आतडी गोळा होऊन दुसरं ऑपरेशन करावं लागतं. क्रेटमध्ये ठेवायला पिंगपाँगचा चेंडू द्या.